मावशींच्या हातांवर मी घेतलेला आळ

त्या वर्षी मी फार थकलेली होते. हे आधीच सांगून टाकते. सबब म्हणून नव्हे, पण पुढे जे झालं त्यात या थकव्याचा वाटा होता आणि तो गाळून बाकीचं सांगितलं तर ते खरं होणार नाही.

नव्वदनंतरची पहिली काही वर्षं. रोह्यात एका डॉक्टरांचं बारा खाटांचं इस्पितळ होतं. बाळंतपणं, सिझर, गर्भपिशवीची ऑपरेशनं, अपेंडिक्स, कधी हर्निया. मी तिथे सिस्टर होते. माझं घर पेणला, घरी आई एकटी. नदीपलीकडे अष्टमीत एक खोली घेऊन मी राहायची आणि पंधरा दिवसांनी रविवार मिळाला की नागोठण्यावरून एसटीने पेणला जायची. आईच्या हातचं जेवायचं आणि झोपायचं. आई म्हणायची, "तू येतेस कशाला? झोपायलाच ना?" खरंच होतं ते.

आम्ही दोघी सिस्टर होतो. दसऱ्याच्या सुमारास दुसरीचं लग्न ठरलं, ती पनवेलला गेली. तिच्या जागी कोणी आली नाही. "येईल हो कोणीतरी, मी सांगून ठेवलंय," डॉक्टर म्हणायचे. ते खोटं बोलत नव्हते. कोणी येतच नव्हतं. दोघींचं काम एकटीच्या अंगावर आलं आणि महिन्याभरात ते माझंच काम आहे असं सगळ्यांना वाटायला लागलं. मलासुद्धा.

आजच्या मुलींना ते काम सांगितलं तर खरं वाटत नाही. सिरिंजा काचेच्या. धुवायच्या, सुईच्या भोकातून बारीक तार घालून ती मोकळी करायची, मग उकळायला टाकायच्या. हातमोजेही धुवायचे, पाणी भरून भोक पडलंय का बघायचं, दोरीवर वाळवायचे, पावडर लावून पुन्हा वापरायचे. गॉजचे तुकडे इस्पितळातच कापायचे, घड्या घालायच्या, चादरी आणि टॉवेलांबरोबर ते स्टीलच्या ड्रममध्ये भरायचे आणि तो ड्रम वाफेच्या मशीनमध्ये चढवायचा. वीज गेली की पहिल्यापासून सुरुवात. आणि वीज जायचीच.

या सगळ्यात माझ्या हाताखाली एक मावशी होत्या. वय पन्नाशीच्या आसपास असेल, त्यांना स्वतःलाही नक्की माहीत नव्हतं. पेणच्या खाडीतल्या एका मिठागराच्या गावातल्या. लहानपणापासून मिठात काम केलेलं. नवरा गेल्यावर मुलाने त्यांना इकडे आणलं होतं. तो कंपनीत शिफ्टमध्ये कामाला होता, अष्टमीतच राहायचा. मावशी लादी पुसायच्या, भांडी घासायच्या, पण हुशार होत्या. दोन वर्षांत ऑपरेशनची हत्यारं धुणं, गॉजच्या घड्या, ड्रम भरणं, सगळं शिकल्या होत्या. त्यांनी भरलेल्या ड्रममध्ये घडीवर घडी अशी बसलेली असायची की मला बघावंसुद्धा लागायचं नाही. मला त्या कामात "शिस्टर" म्हणायच्या आणि काम संपलं की मायेने "बाय".

त्यांचे हात मात्र बघवत नसत. तळव्यांना, बोटांच्या पेरांना चिरा. थंडी पडली की त्या उकलायच्या आणि त्यातून रक्त यायचं. त्या कोकमाचं मुठेल, म्हणजे बियांच्या तुपाचा गोळा, विस्तवावर पातळ करून त्या चिरांमध्ये भरायच्या. "मिठाने खाल्लेले हात हायत बाय," म्हणायच्या, "ते आता असंच ऱ्हाणार."

दिवाळी झाली आणि भातकापणीच्या दिवसांत खांबची एक मुलगी बाळंतपणाला आली. पहिलटकरीण, वीस-एकवीस वर्षांची. मूल आडवं होतं म्हणून सिझर केलं. मुलगा झाला. आठव्या दिवशी मी टाके काढले तेव्हा एका कोपऱ्याला थोडंसं ओलं वाटलं. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, कोरडं होईल. ती घरी गेली. चौथ्या दिवशी सासू तिला घेऊन कोलाडवरून एसटीने परत आली. अंगात ताप होता आणि जखमेवरची पट्टी हिरवी झाली होती. पट्टी काढली तर टाक्यांची अर्धी रेघ उघडी पडलेली. पू हिरवट-निळा, आणि त्याला आंबत चाललेल्या द्राक्षांसारखा गोडसर वास. तो वास पुढे कितीतरी दिवस माझ्या नाकातून जात नव्हता.

डॉक्टरांनी सासूला विचारलं, "घरी काय काय केलंत? शेक-शेगडी केली? शेणाने सारवलेल्या खोलीत निजवली?"

"आमच्याकडे सगळ्याच बाळंतिणींना शेक देतात," सासू म्हणाली.

"जखमेला पाणी लागू दिलंत?"

सासूने सुनेकडे पाहिलं. "मी हिला सांगत होती, वल्या हातांनी तिथं चाचपू नको. हिला ऐकायला नको."

मुलगी छताकडे बघत पडून राहिली. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं की घरी जखमेची स्वच्छता राखली नाही. मीही मनात म्हटलं, तसंच असणार. मला ते पटायला वेळ लागला नाही, कारण पटलं की पुढच्या कामाला लागता येत होतं.

तिला पुन्हा दाखल करून घेतलं. रोज सकाळी मी तिची जखम धुवायची. आधी पू काढायचा, मग तपकिरी बाटलीतलं पिवळं जंतुनाशक वाटीत ओतायचं, त्यात गॉज भिजवून जखम आतून-बाहेरून पुसायची, पट्टी करायची. ती दात आवळून धरायची. बाळ शेजारी झोळीत. एक आठवडा गेला, जखम काही कोरडी होईना. उलट वाढलीच.

त्यानंतर कंपनीतला एक कामगार, अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेला, तसाच हिरवा पू घेऊन परत आला. त्याच्याही घरावर आम्ही खापर फोडलं. पण तिसरी बाई होती अष्टमीचीच, पिशवी काढलेली, आणि ती अजून इस्पितळातच होती. तिने घरचं पाणी पाहिलेलंसुद्धा नव्हतं. पाचव्या दिवशी तिची पट्टी मी सोडली आणि तो वास आला.

त्या दिवशी पहिल्यांदा मला भीती वाटली. आता घराचं नाव घेता येत नव्हतं. काय असेल ते आमच्याच चार भिंतींत होतं. मी एकेक गोष्ट आठवायला लागले. वाफेचं मशीन मी स्वतः लावते, वेळ बघते. हत्यारं मी मोजून उकळते. आणि ड्रम? ड्रम मावशी भरतात. त्या हातांनी.

एकदा ते मनात आल्यावर दुसरं काही सुचलं नाही. खरं म्हणजे ड्रम भरून झाल्यावर तो वाफेत जातो, त्यात हातावरचं काय उरणार, हे मला शिकवलेलं होतं. पण मी स्वतःला सांगितलं, वीज जाते, वाफ पुरी होत नसेल, आणि त्या चिरांमध्ये काय काय असेल. मी डॉक्टरांना सांगितलं. तेही दमलेले होते. म्हणाले, "असेल. उद्यापासून त्यांना ऑपरेशन थिएटरमध्ये घेऊ नका."

हे मावशींना बाजूला घेऊन सांगता आलं असतं. मी ते बाहेरच्या पॅसेजमध्ये सांगितलं. चार नातेवाईक बाकावर बसलेले. मी हातात इंजेक्शनचा ट्रे घेऊन जात होते, त्या समोरून ड्रम उचलून येत होत्या.

"मावशी, तो खाली ठेवा. उद्यापासून ड्रमला हात लावायचा नाही."

"का गो?"

"पेशंटचे टाके पिकतायत. तुमच्या हातांना बघा किती चिरा आहेत."

बाकावरच्या सगळ्यांनी त्यांच्या हातांकडे बघितलं. मावशींनी ड्रम हळूच जमिनीवर ठेवला आणि हात पदराखाली घेतले. "मी साबण लावते, शिस्टर," एवढंच म्हणाल्या. "दर येळेला लावते."

"मला माहीत आहे. पण आता नको."

दुसऱ्या दिवसापासून त्या संडास-बाथरूम धुवायला लागल्या. तक्रार केली नाही. मला "शिस्टर" म्हणत राहिल्या. "बाय" म्हणणं थांबलं. ड्रम मी भरायला लागले. आणखी एक काम वाढलं.

दहा-बारा दिवसांनी आणखी एक सिझर पिकलं.

मावशी तर थिएटरच्या उंबऱ्यापाशीसुद्धा येत नव्हत्या. तरीही मी म्हटलं, जंतू अजून खोलीत असतील, जातील हळूहळू. डॉक्टरांना मात्र ते पटलं नाही. मुंबईत त्यांचे एक मेहुणे प्रयोगशाळेत होते, त्यांना त्यांनी फोन लावला. आमचा कंपाउंडर मुंबईला जाऊन कापसाच्या बोळ्याच्या सहा निर्जंतुक नळ्या घेऊन आला. जिथे जिथे संशय तिथून बोळा फिरवायचा आणि नळ्या परत पाठवायच्या.

खांबच्या मुलीच्या जखमेतून एक. ड्रममधल्या गॉजवरून एक. नळाचं पाणी. माझे आणि डॉक्टरांचे हात मिळून एक. मग मावशींना बोलावलं.

त्या बाथरूम धुवून ओल्या हातांनी आल्या. मी म्हटलं, हात पुसा आणि पुढे करा. त्यांनी दोन्ही तळवे पुढे केले. मी एकेका चिरेतून बोळा फिरवला. थंडीचे दिवस होते, एका चिरेतून रक्त आलं आणि बोळ्याला लागलं. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी वर बघितलं नाही.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"पोलिसात बोटांचे ठसे घेतात तसं केलंत," त्या म्हणाल्या आणि बादली उचलून गेल्या.

सहावी नळी उरली होती. रिकामी कशाला पाठवायची म्हणून मी ड्रेसिंगच्या टेबलावरची तपकिरी बाटली उघडली, तिच्या बुचाच्या आतून बोळा फिरवला आणि नळी बंद केली. त्यावर "बाटली" असं लिहिलं. त्यापलीकडे काही विचार केला नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी कामावर आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा शिफ्टला जाता जाता येऊन सांगून गेला, "आई गावाला गेली. मिठाचं काम सुरू झालंय." माझ्याशी तो नीट बोलला, राग दाखवला नाही. तेच जास्त लागलं.

पाच-सहा दिवसांनी दुपारी फोन आला. मी बाह्यरुग्णांच्या चिठ्ठ्या लावत होते. डॉक्टर केसपेपरच्या पाठीवर लिहीत होते आणि "हं, हं" म्हणत होते. फोन ठेवून त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, "सिस्टर, दार लावा आणि बसा."

मी बसले.

"जखमेत आणि बाटलीत एकच जंतू आहे. बाटलीत तर भरपूर."

"आणि मावशींच्या हातांवर?"

"तसलं काही नाही. कुणाच्याही हातांवर असतं तेवढंच. तुमच्या-माझ्या हातांवरही तेच आहे."

ते समजावून सांगायला लागले. हा जंतू पाण्यात, ओलाव्यात राहतो. ताज्या औषधात मरतो. पण पाणी घालून पातळ केलेलं औषध फार दिवस ठेवलं, त्याच बाटलीत वरून ओतत राहिलं, तर तो त्यातच जगायला शिकतो. बुचात तर घरच करतो. मग त्यांनी विचारलं, "बाटली शेवटची कधी रिकामी करून उकळली होती?"

मला उत्तर माहीत होतं. बाटली दर शनिवारी रिकामी करायची, धुवायची, उकळायची, बूच बदलायचं आणि उकळून गार केलेल्या पाण्यात नवीन औषध करायचं, हे काम दुसरी सिस्टर करायची. ती गेली. तिच्या कामांची यादी कोणी केलीच नव्हती. जे समोर आलं ते मी उचललं. बाटली कधी रिकामी दिसलीच नाही, कारण ती अर्धी झाली की मी वरून औषध आणि पाणी घालत होते. गार केलेलं पाणी असलं तर ते. नसलं तर नळाचं.

"दसऱ्यानंतर नाही," मी म्हटलं.

ऑपरेशनच्या आधी पोट पुसायला आम्ही तेच औषध वापरत होतो. पण त्याहून वाईट दुसरंच होतं. खांबच्या त्या मुलीची जखम मी रोज सकाळी त्याच बाटलीने धुवत होते. जवळजवळ महिनाभर. पू काढायचा आणि तोच जंतू पुन्हा आत पुसायचा. ती दात आवळून सोसत होती ते हे.

डॉक्टर रागावले नाहीत. "मीही विचारलं नाही," ते म्हणाले. "तुम्ही एकट्या किती करता ते बघत होतो. तरी विचारलं नाही." ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

त्या संध्याकाळी आम्ही सगळ्या बाटल्या मोरीत रिकाम्या केल्या आणि बुचं जाळली. आठवडाभर ऑपरेशनं बंद ठेवली, अडलेल्या बाया दुसरीकडे पाठवल्या. खोली धुतली, धुरी दिली. डॉक्टरांनी एका जाड पुठ्ठ्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं की औषध रोज नवीन करायचं आणि संध्याकाळी उरलेलं ओतून द्यायचं, आणि तो पुठ्ठा ड्रेसिंगच्या टेबलामागच्या भिंतीवर टांगला. खालच्या ओळीत करणाऱ्याची सही. दोन आठवड्यांनी नागोठण्याची एक नवी सिस्टरही आली. आधी मिळत नव्हती, आता मिळाली.

जखमेसाठी त्यांनी उपाय बदलला. ॲसिटिक ॲसिडचं अगदी पातळ पाणी, म्हणजे व्हिनेगरसारखंच आंबट, त्यात भिजवलेली पट्टी रोज दोनदा. पहिल्या दिवशी खांबच्या मुलीने नाक मुरडलं.

"लोणचं घालताय काय माझं?"

इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा असं काही बोलली होती. मला हसू आलं नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी जखमेचा हिरवा रंग गेला आणि तळाला लाल मांस दिसायला लागलं. मग ती भरायला लागली, बारीक बारीक, कडेकडेने.

डॉक्टर मला म्हणाले होते, "पेशंटना सांगत बसू नका. बरे होतायत. सांगून कोणाचं भलं होणार?" मी मान हलवली होती. त्या कामगाराला आणि त्या दोघींना मी सांगितलं नाही. आजही ते नीट केलं असं वाटत नाही. पण या मुलीला न सांगणं मला जमेना, कारण तिची सासू दर दोन दिवसांनी यायची आणि दारातूनच सुरू व्हायची. भात कापायला माणूस नव्हतं, वाल पेरायचे तसेच राहिले, आणि ही इथे पडून. आमच्यात कुणाला असं झालं नव्हतं. हिच्या अंगातच काहीतरी घाण आहे. मुलगी भिंतीकडे तोंड करून बाळाला पाजत राहायची.

जखम बोटभर उरली होती तेव्हा, एका सकाळी पट्टी करता करता मी सांगितलं. सरळ सांगितलं. जंतू औषधाच्या बाटलीत होता, बाटली धुवायचं माझं राहिलं होतं, तुझ्या हाताने काही झालं नाही, घरीही काही चुकलं नाही.

 मला वाटलं ओरडेल. मी त्याचीच वाट बघत होते.

"म्हणजे माझ्या अंगात काय नाय?" तिने विचारलं.

"नाही. काहीच नव्हतं."

"मला वाटायचं हाय. पोराला पाजताना भ्या वाटायचं. त्याला जाईल काय माझ्यातलं."

मला हे माहीतच नव्हतं. महिनाभर रोज तिच्या पोटावर ओणवी होते आणि ती कशाला घाबरतेय ते मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "मला माफ कर." तिने बाळाच्या झोळीला झोका दिला. थोड्या वेळाने म्हणाली, "ह्ये माझ्या सासूला सांगाल काय? माझ्या तोंडचं तिला पटणार नाय."

सासू बाहेर पायरीवर बसली होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त कठीण गेलं. तिने ऐकून घेतलं, मग उठली. मला म्हणाली, "इतके दिवस मी पोरीला बोलत होती, आनि तुम्ही तिथंच हुब्या ऱ्हाऊन ऐकत होतात." एवढं बोलून ती आत गेली. सुनेला काय म्हणाली ते मी ऐकलं नाही. पण जायच्या दिवशी बाळ सासूच्या कडेवर होतं, आणि पिशवीसुद्धा तिच्याच हातात. मुलगी रिकाम्या हातांनी, पोटावर तळवा धरून, सावकाश चालत स्टँडकडे गेली. ती पुन्हा आमच्याकडे आली नाही. दुसऱ्या बाळंतपणाला ती दुसरीकडे गेली असं पुढे कोलाडच्या एका पेशंटकडून कळलं. सुखरूप झालं म्हणे.

राहिल्या होत्या मावशी.

डॉक्टर म्हणाले, निरोप पाठवा, परत बोलवा. मुलाकडे निरोप दिला. उत्तर नाही. मग एका रविवारी पेणला गेले तेव्हा आईला सांगून सकाळीच निघाले. खाडीकडे जाणाऱ्या गाडीने शेवटपर्यंत गेले, तिथून बांधावरून चालत. दोन्ही बाजूंना मिठागरं, ऊन पाण्यावरून डोळ्यांत येत होतं. एका बाईला विचारलं तर तिने लांब बोट दाखवलं. चार-पाच बाया टोपल्यांतून मीठ वाहत होत्या. मावशींना मी चालण्यावरून ओळखलं.

त्यांनीही मला लांबूनच पाहिलं. डोक्यावरची टोपली नेऊन राशीवर ओतली, मगच आल्या. पायांना मिठाचा थर.

"कोण आजारी हाय का?" त्यांनी विचारलं. मी एवढ्या लांब दुसऱ्या कशासाठी येईन असं त्यांना वाटत नव्हतं.

"नाही मावशी. तुमच्याकडेच आले." मी सांगितलं. बाटलीचं सांगितलं, मुंबईच्या फोनचं सांगितलं, त्यांच्या हातांत काही निघालं नाही तेही. "चूक माझी होती. मी तुमचं नाव घेतलं."

त्या ओंजळीने पाणी प्यायल्या. टोपली उपडी करून तिच्यावर बसल्या. "बाटलीत होय," म्हणाल्या. "त्या पिवळ्या औषधाच्या." मग पायांवरचा मिठाचा थर हाताने झाडला.

"परत या. डॉक्टरांनीच सांगितलंय."

"आता मीठ हाय. पाऊस लागंपर्यंत नाय येता यायचं." मग माझ्याकडे बघून, आवाज न चढवता म्हणाल्या, "शिस्टर, तू मला आत बोलावून सांगितलं असतं ना, तर मी हात पुढे केले असते. मनाला लागलं नसतं. त्या बाकड्यावर आमच्या गावचा मानूस होता बसलेला. त्यानं घरोघरी सांगितलं. म्हाताऱ्या सुईनीसारखी मी हितं गावाला आली की बायांच्या बाळंतपनाला जाते, म्हायती हाय ना तुला? ह्या हिवाळ्यात मला कोनी बोलावलं नाय."

मला ते माहीत नव्हतं. तेही माहीत नव्हतं.

"मी सांगते गावात," मी म्हटलं. "आत्ता येते तुमच्याबरोबर."

त्या हसल्या, म्हणजे तोंड हललं. "तू कोनाकोनाला सांगशील गो?" पण दुपारी काम सुटल्यावर त्या मला बरोबर घेऊन गेल्या. मी तीन घरांच्या ओट्यांवर बसले आणि सांगितलं. लोकांनी चहा दिला, माना हलवल्या. एका म्हातारीने सरळ विचारलं, "मग तुला कामावरून काढली का?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "हां." त्या एका शब्दात काय ते सगळं होतं. मावशी खाली मान घालून बसल्या होत्या.

त्या परत आल्या, पावसाळ्यात. अजून तीन वर्षं आम्ही एकत्र काम केलं. भांडण असं कधी झालं नाही. डॉक्टरांनी त्यांना थिएटरमध्ये घ्यायला सांगितलं होतं, पण त्या आत आल्या नाहीत. मी एकदा म्हटलं, "मावशी, ड्रम भरायला घ्या ना, माझ्या घड्या तुमच्यासारख्या बसत नाहीत."

"तुझ्या बसतील गो," त्या म्हणाल्या. "तू शिकलेली हायस." आणि फडकं पिळून लादी पुसायला लागल्या. मी पुन्हा विचारलं नाही.

पुढे आईचं वय झालं म्हणून मी पेणमध्येच एका दवाखान्यात नोकरी धरली. निघायच्या दिवशी मावशींनी मला वालाच्या शेंगांची पिशवी दिली आणि "ये कधी" म्हणाल्या. नवीन जागी मी पहिल्या आठवड्यातच औषधांच्या टेबलामागे तसाच पुठ्ठा टांगला. तिथल्या पोरींना वाटलं, ही बाई फार खडूस आहे. संध्याकाळी घरी जाताना त्या एकमेकींत बोलायच्या, मला ऐकू यायचं. मी त्यांना कारण कधी सांगितलं नाही. सांगायला बसले असते तर पॅसेजपासून सुरुवात करावी लागली असती, आणि दिवसभराच्या कामानंतर तेवढं बळ माझ्यात उरत नसे.